अडतीस हिरवे सदरे

१

त्या बुधवारी आमच्या पाड्यातली अडतीसच्या अडतीस लेकरं हिरवी होती. पुढच्या मंगळवारी त्यातलंच एक तालुक्याच्या दवाखान्यात नाकात नळी घालून निपचित पडलं होतं.

हिरवी म्हणजे माझ्या दोरीवर हिरवी. मी मुर्वानी. कालिपुचुंगच्या पोस्यांडूत, म्हणजे महिन्याच्या वजनाच्या दिवशी, चौथ्या टेबलावर बसते. पहिल्या टेबलावर नाव, दुसऱ्यावर वजन, तिसऱ्यावर नोंद, चौथ्यावर सल्ला आणि पाचव्यावर सुई. आम्ही सगळ्या गावातल्याच बायका, बिनपगारी. मिळतं ते मुगाच्या खिरीचं एक वाडगं आणि लोकांची बोलणी.

वर्षानुवर्षं आरोग्य खात्याचा तक्ता गावच्या सभेत वाचला जायचा. ‘लक्ष्यगटातील बालकांपैकी तेवीस पूर्णांक सात दशांश टक्के.’ पुढच्या रांगेतले म्हातारे तोवर घोरायला लागलेले असायचे. मला त्याची चीड यायची. फेब्रुवारीच्या सभेत मी सभागृहात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी बांधली आणि त्यावर कागदाचे अडतीस सदरे चिमट्यांनी टांगले. एका लेकराला एक सदरा. वजन बरं असेल तर हिरवा, धोक्याच्या रेषेखाली असेल तर लाल. नाव कुणाचंच नाही. सदरे गल्लीवार लावले, म्हणजे कुठे काय चाललंय ते कळावं.

लाल नऊ होते. एक म्हातारा काठी टेकत दोरीपाशी आला, बोटानं नऊ मोजले आणि म्हणाला, “नऊ पोरांच्या पोटात पुरेसं जात नाही. हे इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?”

त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं. पुढच्याच महिन्यात नऊचे दोन झाले, आणि मे महिन्यात लाल सदरा एकही उरला नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आणि आता जुमिराची दोन वर्षांची वनिंग दवाखान्यात होती. तिच्या कार्डावर बुधवारचं वजन आठ किलो तीनशे होतं. दवाखान्याच्या काट्यावर ते सात किलो सहाशे भरलं. ना जुलाब, ना उलटी, नुसता ताप आणि खोकला. सहा दिवसांत सातशे ग्रॅम कुठे जात नाहीत.

खोटं तीनच ठिकाणी असू शकत होतं. काट्यात, वहीत, नाहीतर माझ्या दोरीवर.

२

तालुक्याहून बू मार्फुआ आल्या. मोठ्या बाईला आम्ही बू म्हणतो, पण ह्यांना आरोग्य केंद्रातले डॉक्टरही बू म्हणून दबकून असत. पोषणाचं काम बघता बघता केस पिकलेले, निवृत्तीला चार महिने बाकी. फटफटीवरून उतरल्या, पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या आणि पहिला प्रश्न मलाच विचारला.

“दोरीवाली तू का? तुझा रंग चुकला असेल?”

“नाही, बू. वहीत बघूनच लावलेत.”

“बघू.” त्यांनी शेंग फोडली.

पाक सुराडाल पायरीवरच उभे होते. ते आमच्या पाड्याचे कादुस, म्हणजे प्रमुख; मोठ्या पुरुषाला आम्ही मानानं पाक म्हणतो. भाताची गिरणी त्यांची, पोस्यांडूचं सामान ठेवायचं कपाटही त्यांच्याच घरात. तालुक्यात पोस्यांडूंची स्पर्धा होती आणि कालिपुचुंग पहिलं येणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. प्रशस्तिपत्रासाठी भिंतीत खिळादेखील ठोकून झाला होता.

“यात शोधायचं काय, बू?” ते म्हणाले. “सदतीस लेकरं ठणठणीत आहेत ना? मग एकीचीच पोर कशी वाळली? आईनं लक्ष दिलं नाही, दुसरं काय! शनिवारी सभा आहे. पूरक आहाराची यादी शून्य म्हणून पाठवतोय मी, आणि त्या बाईचं नाव निष्काळजी आई म्हणून अहवालात जाणार.”

“नवरा परमुलखात बोटीवर, सासू अंथरुणात. तिच्याकडे कोण लक्ष देतंय?” बू मार्फुआंनी विचारलं.

वहीचा मान नगात्मीचा. तिसऱ्या टेबलावरची ही बाई, जाड भिंगाचा चष्मा लावून सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी. चौकशी म्हटल्यावर तिचा पारा चढला.

“माझी पेन्सिल कानानं लिहिते, बू! दुसऱ्या टेबलावरून ओरडतात ते मी लिहिते. आईच्या हातातल्या कार्डावर तेच, वहीत तेच. लावा ताळा! आणि ही मुर्वानी काय बघतेय माझ्याकडं चोरासारखी?”

ताळा लावला. अडतीसही कार्डं वहीशी जुळली. खाडाखोड एकसुद्धा नाही. माझ्या दोरीवरचे रंगही वहीशी जुळले. राहिला काटा.

काटा म्हणजे बू सार्वी. सव्वीस वर्षं दुसऱ्या टेबलावर तीच. त्या काट्याला पहिल्या वर्षी लटकलेल्या लेकरांत मी होते. वाचायला शाळेनं शिकवलं असेल, पण वजनाची रेषा वाचायला मला बू सार्वीनं शिकवलं. आई गेल्यावर माझं लग्न लावून देताना पुढे उभी राहिली ती हीच बाई. तुळईला दांडीचा काटा टांगायचा, हुकाला रिकामा सारोंग, म्हणजे लेकराला बसवायची कापडी झोळी, अडकवायचा आणि दांडीच्या टोकाला झोळीला तोलायला वाळूची छोटी पिशवी, पासंग म्हणून. दांडी सरळ झाली की रांगेतल्या पहिल्या आईला पुढे बोलवायचं आणि विचारायचं, “शून्य?” आईनं बघून ओरडायचं, “शून्य!” मग सगळ्या बायका हसायच्या आणि वजनं सुरू. ही रीत तिचीच.

बू सार्वीनं काटा टांगला. बू मार्फुआंनी सारोंग-पासंग न लावता नुसत्या हुकाला डब्यासकट मोजून दहा किलो पाणी अडकवलं. सरकतं वजन दहावर थांबलं. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

“काटा सच्चा आहे,” बू मार्फुआ म्हणाल्या.

“मग?” मी विचारलं.

“मग अजून कळलेलं नाही, एवढंच.” आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच माझी शंका यायला लागली.

३

दवाखान्यात जुमिरा पलंगाच्या पायथ्याशी चटईवर बसली होती. वनिंगचा हात तिच्या दोन बोटांत होता. तो हात बघून मी नजर वळवली. हा हात मी बुधवारी चौथ्या टेबलावर हातात घेतला होता. वहीत हिरवं होतं म्हणून मी हाताकडे बघितलंच नव्हतं. “छान चाललंय, मबाक,” म्हणजे ताई, असं जुमिराला म्हणून खिरीचं वाडगं दिलं होतं.

“बुधवारी वजनाचा आकडा ऐकलास?” बू मार्फुआंनी विचारलं.

“ऐकला. आठ तीन. बू सार्वी ओरडल्या ना.”

“दांडी बघितलीस?”

“नाही. हल्ली कोण बघतं? आम्ही जातो तेव्हा काटा तयारच असतो.”

“रांगेत पहिली कोण होती?”

“मीच.” जुमिरानं वनिंगचं पांघरूण सारखं केलं. “आधी पहिल्या बाईला शून्य विचारायच्या. आता नाही विचारत. बऱ्याच दिवसांत नाही.”

मी म्हटलं, “थकल्या असतील. वय झालं.” बू मार्फुआंनी मात्र शेंगेचं टरफल खिशात ठेवलं.

निघताना मी जुमिराच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण नुसती बसून राहिली, भिंतीसारखी.

“मबाक जुमिरा, मी काही करू शकते का?”

“तुम्ही पुष्कळ केलंत,” ती म्हणाली. “गावाला सगळं छान समजावून सांगितलंत.”

ते कौतुक नव्हतं एवढं मला कळलं. का नव्हतं, ते कळलं नाही.

४

माझ्या घरी ओसरीवर चटई अंथरून बू मार्फुआंनी मक्याचे दाणे मागितले.

“तू सदरे टांगतेस. मी दाणे मांडते,” त्या म्हणाल्या. “एका लेकराची एक ओळ. मागच्या महिन्यापेक्षा जितकं वाढलं तितके दाणे. शंभर ग्रॅमला एक. वही वाच. आधी एप्रिल ते मे.”

मी वाचत गेले, त्या मांडत गेल्या. एका ओळीत दोन दाणे, एकीत एक, एकीत तीन, कित्येक ओळी रिकाम्या. वनिंगचे दोनशे ग्रॅम तर घटले होते, साडेआठाचे आठ तीन. पण रेषेच्या वरच होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“हे खरं दिसतं,” बू मार्फुआ म्हणाल्या. “लेकरं अशीच वाढतात, वेडीवाकडी. एकाला गोवर, एकाला दात, एकाची आजी लाडू चारते. आता मागे चल. मार्च ते एप्रिल.”

तेही तसंच. वेडंवाकडं.

“फेब्रुवारी ते मार्च.”

मी वाचायला लागले आणि दाणे संपायला लागले. सात. आठ. सात. नऊ. सात. आठ. कुणाला गोवर झालेला, त्याचेही सात. वनिंगचे बरोबर सात. ओळी अशा सरळ दिसायला लागल्या की कोंबडीही येऊन मान वाकडी करून बघू लागली.

“लेकरं काय कवायत करतात?” बू मार्फुआंनी विचारलं. “सगळ्यांनी एकाच महिन्यात सातशे ग्रॅम वर उडी मारायची, असं ठरवलं होतं त्यांनी?”

हाच तो महिना. नऊचे दोन झाले म्हणून मी ज्या महिन्यात मिरवले होते, तोच.

“सगळे नाही उडले,” मी म्हटलं. शेवटच्या चार ओळींत एक, दोन, एक आणि तीन एवढेच दाणे होते. “हे चार तान्हे आहेत.”

“ते का नाही उडले?”

“त्यांना काट्याला टांगत नाही. ताटाच्या वेगळ्या काट्यावर झोपवतो.”

“म्हणजे जे सारोंगात बसले तेच फुगले.” त्यांनी पिशवीतून दवाखान्याचा लहान वजनकाटा काढला. “पोस्यांडूचा सारोंग आणतेस? दोरीसकट आण. आणि तो पासंगही.”

सारोंग दोरीसकट काट्यावर ठेवला. बरोबर सातशे ग्रॅम.

मार्चपासून आम्ही प्रत्येक लेकराबरोबर सारोंगही मोजत होतो.

५

बू मार्फुआंनी वाळूची पिशवी या हातातून त्या हातात झेलली. फुगलेली, गुबगुबीत. मग शिवण उसवली. वर बोटभर वाळू होती, आत सगळं भाताचं तूस.

“गिरणी!” मी ओरडले. “पाक सुराडाल! तूस त्यांच्या गिरणीत, कपाट त्यांच्या घरात, स्पर्धा त्यांची, खिळा त्यांचा!”

“बस खाली. तूस गावात प्रत्येकीच्या चुलीपाशी आहे. तुझ्याही.”

“पण बक्षिसासाठी...”

“त्यांनी पिशवी बदलली असं धर. बुधवारी सकाळी काटा कुणी टांगला?”

“बू सार्वीनं.”

“हलका पासंग लावला की काय होतं? रिकामा सारोंग खाली ओढतो आणि दांडीचं टोक चांगलं वीतभर वर जातं. तुला दिसेल, मला दिसेल, कोंबडीला दिसेल. सव्वीस वर्षं ज्या बाईनं दांडी सरळ केली, तिला दिसणार नाही? एकदा नाही. मार्च, एप्रिल, मे, तीनदा. पिशवीत तूस कुणीही भरो, तिला ठाऊक असल्याशिवाय वजनाला सुरुवातच होऊ शकत नाही. आणि ठाऊक असलेला माणूस रांगेतल्या पहिल्या बाईला ‘शून्य?’ असं विचारत नाही.”

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, संताप आला, असा की कानशिलं तापली. ज्या बाईनं मला रेषा वाचायला शिकवली, तिनं तीन महिने मला खोट्या रेषा वाचायला दिल्या. मी त्यावर हिरवे कागद कापत बसले. तिनं ते बघितले. शाबासकी दिली.

“का केलं असेल?” मी विचारलं.

“ते मला कसं कळणार? पण एवढं विचार. फेब्रुवारीचं वजन खरं, मार्चचं खोटं. या दोन वजनांच्या मधे गावात काय घडलं?”

“काहीच नाही.” मी आठवून बघितलं. “एक सभा झाली, तेवढीच.”

“त्या सभेत काय झालं?”

त्या सभेत मी दोरी बांधली होती.

६

बू सार्वी मागच्या अंगणात टेंपेसाठी, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्यांसाठी, भिजलेल्या दाण्यांची सालं काढत होती. मी उसवलेली पिशवी तिच्यासमोर टाकली. तिनं हात पुसले.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तू मार्चमध्येच येशील. वही तुझ्याच हातात होती, पोरी.”

“मला पोरी म्हणू नका! मी तुमच्यावर विश्वास ठेवला, बू. ठेवला म्हणून तर वही तपासली नाही. तुम्ही मला सगळ्या गावासमोर खोटं बोलायला लावलंत!”

“हो. लावलं.”

“बक्षिसासाठी?”

“बक्षीस गेलं चुलीत.” ती उभी राहिली. ती माझ्याहून वीतभर ठेंगणी, तरी मी एक पाऊल मागे सरले. “तुझी दोरी फार सुंदर होती. शेंबड्या पोरालाही कळेल अशी. वरच्या गल्लीत सदरे किती होते?”

“दोन.”

“एक हिरवा, एक लाल. वरच्या गल्लीत लेकरं दोनच. एक कादुसांचा नातू, वासराएवढा दांडगा. मग लाल सदरा कुणाचा?”

“वनिंगचा,” मी म्हटलं.

“नाव लिहिलं नव्हतंस म्हणून तू खूश होतीस. नाव लिहायची गरजच नव्हती. भिशीच्या बैठकीत जुमिराला काय हाक मारत होत्या, ठाऊक आहे? लाल सदरा. ‘लाल सदरा आली, तिला दोन भजी जास्त द्या, घरी खायला नसतं.’ तू हसली नसशील. तू तिथं नव्हतीस. मी होते. महिनाभरात तीन आया म्हणाल्या, आता आम्ही वजनाला येणार नाही. मी दारोदार फिरले, पाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी त्यांना शब्द दिला, तुमचं लेकरू पुन्हा लाल दिसणार नाही.”

“आणि सारोंग मोजलात.”

“आल्या तरी! लेकरू काट्यावर आलं तर मला खरं वजन कळत होतं. सातशे वजा केले की झालं. जी खाली होती, त्यांच्या घरी मी गुपचूप अंडी पोचवत होते. वनिंग एप्रिलमध्ये तीनशेनं वाढली होती, खरीखुरी वाढली होती.” तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. “मग लेकीच्या बाळंतपणाला दूर स्मारांग शहरात गेले. वीस दिवस. कुणाला सांगून जाणार? सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं.”

“परत आल्यावर मे महिन्यात तुम्ही तिला तोललीत. ती घटली होती. तुम्हाला एकटीला ठाऊक होतं.”

“वाटलं, महिन्यात भरून काढीन.”

“आठ तीन म्हणून ओरडलात, बू. सगळ्यांसमोर.”

ती खाली बसली आणि पुन्हा सालं काढायला लागली, पण बोटं चालत नव्हती. मला तिची दया यायला हवी होती. तिनं जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यातला अर्धा दोष माझा होता. तरीही मला आली नाही. लाज माझी मला आली, आणि राग तिचा.

“शनिवारी खरं सांगणार आहे मी,” मी म्हटलं.

“सांग. पण या खेपेला कुणाचं घर दाखवू नकोस.”

७

गुरुवार-शुक्रवार बू मार्फुआ आणि मी घरोघरी गेलो. पासंगात पुन्हा वाळू भरली होती. लेकरं पुन्हा तोलली. वनिंगचं वजन दवाखान्यातलंच धरलं. अडतीसमध्ये लाल निघाली अकरा. फेब्रुवारीपेक्षा दोन जास्त, कारण मधल्या तीन महिन्यांत कुणाला पूरक आहार मिळालाच नव्हता. कागदावर कुणाला गरजच नव्हती.

शनिवारी सभागृह भरलं. दोरी नव्हती. मी एक टोपली घेऊन मधून फिरले. आत घडी घातलेले, एकमेकांत कालवलेले अडतीस सदरे होते. “न बघता एकेक घ्या,” मी म्हटलं. पाक सुराडालांनीही हात घातला.

“आता उघडा. लाल आलाय त्यांनी उभं राहा.”

अकरा माणसं उभी राहिली. दोन म्हातारे, गाण्याचे मास्तर, लग्न न झालेली एक मुलगी, नगात्मी, असे कुणीही. आणि कादुस.

“हा कुणाचा?” लाल सदरा लांब धरून पाक सुराडालांनी विचारलं.

“तुमच्या हातात आहे ना, पाक? मग तुमचा.”

कुणीतरी फिसकन हसलं. पण अकरा माणसं उभी होती आणि त्यांच्याकडे बघता बघता हसणं विरलं. “एवढी लेकरं आहेत आपल्याकडे,” मी म्हटलं. “यांच्या पोटात पुरेसं जात नाही. कुणाची, ते आम्हाला आणि त्यांच्या आयांना ठाऊक आहे, तेवढं पुरे. यादी शून्याची नाही, अकराची जाणार. आणि वनिंगच्या आईचा काही दोष नाही. मागची तीन महिन्यांची वजनं खोटी होती.”

“खोटी कुणी केली?” मागून आवाज आला.

मी बू मार्फुआंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, होय म्हणून नाही की नको म्हणूनही नाही. मला नाव घ्यायचं होतं. खरंच घ्यायचं होतं, जीभ शिवशिवत होती.

बू सार्वी स्वतःच उठली. “मी,” ती म्हणाली. “पासंग मी हलका केला.”

सभागृहात कुणी शिवी दिली नाही. शिव्या परवडल्या असत्या. बायका नुसत्या आपापल्या लेकरांकडे बघायला लागल्या, जणू कुणीतरी बदलून दिलीत. जिच्या तीनही मुलांना बू सार्वीनं तोललं होतं ती कासेमी हळूच म्हणाली, “मग माझ्या थोरल्याची वजनं तरी खरी होती का, बू?”

सव्वीस वर्षांची वजनं त्या एका प्रश्नात गेली. बू सार्वी दाराकडे चालू लागली. तिला वाट द्यायला लोक बाजूला झाले. मीही झाले.

८

जूनच्या दुसऱ्या बुधवारी काटा मी टांगला. बू सार्वीचं अंगण समोरच आहे. ती पायरीवर बसलेली दिसत होती, पण आली नाही आणि मी बोलावलं नाही. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. तिच्या हातचं मीठ खाऊन वाढलेली मी, रस्त्यात दिसली तर मान खाली घालते. ती माझ्यावर चिडली असती तर सोपं गेलं असतं.

रांगेत पहिली जुमिरा होती. वनिंग तिच्या कडेवर होती, अजून बारीकच, पण मान ताठ धरून इकडेतिकडे बघत होती.

मी सारोंग अडकवला, पासंग लावला, दांडी सरळ झाली.

“शून्य?” मी विचारलं.

जुमिरा ओरडली नाही. वनिंगला मागच्या बाईकडे देऊन ती पुढे आली. पासंगाची पिशवी सोडून घेतली, गाठ उकलली, वाळू तळहातावर ओतली आणि बोटानं चाचपली. पुन्हा भरली, पुन्हा बांधली, जागेवर लावली. दांडी हलून थांबेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. मागच्या बायकाही माना उंचावून बघत होत्या.

“शून्य,” ती म्हणाली. हसलं कुणीच नाही.

वनिंगला सारोंगात बसवलं. मी वजन सरकवलं. सात किलो नऊशे. तीनशेनं वाढली होती, तरी अजून रेषेच्या खालीच होती. तिसऱ्या टेबलावरून नगात्मी पेन्सिल उचलून माझ्या ओरडण्याची वाट बघत होती. मी ओरडले नाही. वाकून जुमिराच्या कानात आकडा सांगितला.

“लाल?” तिनं तितक्याच हळू विचारलं.

“लाल. पण वर चाललीय.”

“खरं सांगताय?”

“तुम्हीच बघा.”

तिनं खांब धरून, टाचा उंचावून दांडीवरचा आकडा स्वतः वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

“मग लिहा,” ती म्हणाली.